'नागरिक' आणि 'व्यक्ती' : चकमा बांधवांच्या खटल्याच्या निमित्ताने

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घडविलेल्या राज्यघटनेचा गौरव आपण दर वर्षी १४ एप्रिलला आणि २६ नोव्हेंबरला करतो. भाषणे होतात, उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, मिरवणूक निघते. परंतु ती घटना उघडून तिचा तिसरा भाग कलमवार वाचलेले आपल्यात किती, असे विचारले तर हात फार थोडे वर होतात. मूलभूत हक्क म्हणजे भारतीय नागरिकांचे हक्क, एवढेच बहुतेकांस ठाऊक असते. जो नागरिक नाही, ज्याच्यापाशी पासपोर्ट नाही की व्हिसा नाही, जो सीमा ओलांडून आला, त्याला आपल्या घटनेत काहीच स्थान नाही, त्याला केव्हाही उचलावे आणि केव्हाही हाकलावे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज बरोबर नाही. तो सर्वस्वी चुकीचाही नाही. हे कसे, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी जे उदाहरण आम्ही घेतले आहे ते आपल्याच धम्माच्या, परंतु महाराष्ट्रातील फार थोड्यांना परिचित असलेल्या, अरुणाचल प्रदेशातील चकमा बांधवांचे आहे.

प्रथम घटनेतील शब्दांकडे वळू. विद्यार्थ्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. पेन्सिल घेऊन मूलभूत हक्कांच्या भागात जेथे 'नागरिक' हा शब्द येतो त्याखाली एक रेघ मारावी आणि जेथे 'व्यक्ती' हा शब्द येतो त्याखाली दोन. कलम १५, म्हणजे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई. तेथे 'नागरिक' आहे. कलम १६, सरकारी नोकरीतील समान संधी, तेथेही नागरिकच. कलम १९, म्हणजे भाषण, सभा, संघटना, देशभर संचार, कोठेही कायमची वस्ती, कोणताही व्यवसाय. ही सारी स्वातंत्र्ये नागरिकांची. परंतु कलम १४ पाहा. कायद्यापुढील समानता आणि कायद्याचे समान संरक्षण राज्याने कोणत्याही 'व्यक्तीला' नाकारावयाचे नाही. कलम २० मध्ये एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही आणि आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, तेथे 'व्यक्ती'. कलम २१, जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य, 'व्यक्ती'. कलम २२, अटकेसंबंधीचे संरक्षण, 'व्यक्ती'. कलम २५, सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचे स्वातंत्र्य, सर्व 'व्यक्तींना'. कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली, पण वेठबिगार कोणत्या देशाचा हे विचारलेले नाही. आणि आपणांस सर्वांत जवळचे असे कलम १७, ज्याने अस्पृश्यता नष्ट केली, त्यातही नागरिकत्वाची अट नाही.

शब्दांची ही निवड सहज पडलेली नाही. 'कायद्याचे समान संरक्षण' ही शब्दयोजना अमेरिकन राज्यघटनेच्या १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीतून आलेली आहे. ती दुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या निग्रो समाजासाठी झाली, तरी तिच्यात समान संरक्षणाच्या जागी 'नागरिक' असा शब्द न घालता 'व्यक्ती' असा शब्द घातला गेला. त्याचा लाभ पुढे १८८६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरातील चिनी धोब्यांना झाला. लाकडी इमारतीत धुलाईचा धंदा करावयाचा तर परवाना हवा, असा त्या शहराचा नियम होता. सुमारे २०० चिनी धोब्यांचे अर्ज फेटाळले गेले, आणि त्याच तऱ्हेच्या इमारतींत धंदा करणाऱ्या सुमारे ८० बिगर-चिनी मंडळींना मात्र तो करू दिला गेला. त्या काळी चिनी माणसाला अमेरिकेचे नागरिक होता येत नव्हते. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, समान संरक्षण हे नागरिकांपुरते नाही. त्या भूमीवर असलेल्या प्रत्येक व्यक्तीचे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि अमेरिकन घटनेचा त्यांचा व्यासंग सर्वश्रुत आहे.

कलम २१ आणि २२ यांची कथाही जाणून घेण्यासारखी आहे. घटनेच्या पहिल्या मसुद्यात जीवित व स्वातंत्र्याच्या कलमात अमेरिकेप्रमाणे 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य कार्यपद्धती, असे शब्द होते. पुढे मसुदा समितीने ते बदलून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द घातले. याचा अर्थ असा की, कायदेमंडळाने कायदा केला, मग तो कसाही का असेना, की त्याप्रमाणे माणसाला आत टाकता येईल. यावर घटना समितीत बरीच टीका झाली. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी दोन्ही बाजू सभागृहापुढे मांडल्या. त्यानंतर १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी स्वतःच एक नवे कलम मांडले. आधीच्या कलमात जे गमावले त्याची ही काही प्रमाणात भरपाई आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेच आजचे कलम २२. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगितले पाहिजे, त्याला वकील करू दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. अपवाद दोनच : शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेला इसम. साधा परदेशी माणूस, कागद असलेला किंवा नसलेला, या अपवादात येत नाही. म्हणजेच चोवीस तासांचा हक्क त्यालाही आहे. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधील कार्यपद्धती न्याय्य, वाजवी आणि मनमानीमुक्त असली पाहिजे असे ठरविले, आणि जे शब्द १९४८ साली गेले होते त्यांचा आशय मागच्या दाराने परत आला.

आता चकमा बांधवांकडे येऊ.

चकमा हे चितगाव डोंगरी मुलखातील मूळ रहिवासी, थेरवाद परंपरेचे बौद्ध. फाळणीच्या वेळी या मुलखात मुस्लिम वस्ती अगदी अल्प होती. तो भारतात राहील या विश्वासाने रांगामाटी येथे १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकला. १७ ऑगस्टला रॅडक्लिफ निवाडा प्रसिद्ध झाला तेव्हा कळले की आपण पाकिस्तानात आहोत. काही दिवसांतच पाकिस्तानी लष्कराने तो ध्वज उतरविला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे वीज प्रकल्पासाठी धरण झाले. ते १९६२ साली पूर्ण झाले. सुमारे ५४,००० एकर शेतजमीन पाण्याखाली गेली, म्हणजे त्या डोंगरी मुलखातील लागवडीयोग्य जमिनीपैकी जवळजवळ ४० टक्के. सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. १९६४ साली हजारोंच्या संख्येने चकमा आणि त्यांच्याबरोबर हिंदू असलेले हाजोंग भारतात आले. चकमा लोक या स्थलांतराला 'बर परंग', म्हणजे मोठे निघून जाणे, असे म्हणतात. कोयना असो वा उजनी, धरणाखाली गाव गेलेल्या माणसांना या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आसाम सरकारने एवढ्या माणसांचे पुनर्वसन करणे आपल्याला शक्य नाही असे केंद्राला कळविले. तेव्हा केंद्र सरकारने त्यांतील ४,०१२ चकमांना तत्कालीन ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, नेऊन वसविले. स्थानिक आदिवासींशी विचारविनिमय करून जमिनी दिल्या. दर कुटुंबामागे ४,२०० रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. ही माणसे चोरून आलेली नव्हती. सरकारनेच त्यांचा हात धरून तेथे नेले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही कायद्याच्या भाषेत ती परदेशीच राहिली, कारण नागरिकत्वाचा कागद कोणी दिला नाही. १९९५ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६५,००० झाली होती.

याच वेळी अरुणाचलातील स्थानिक जमातींची बाजूही समजून घेतली पाहिजे. अन्यथा आपण केवळ धर्मबांधव म्हणून वकिली करतो, असा आक्षेप येईल आणि तो रास्त ठरेल. सिंगफो, तांगसा यांसारख्या तेथील जमाती लोकसंख्येने फार लहान आहेत. १८७३ सालच्या नियमाने तेथे 'इनर लाइन' आहे. बाहेरच्या भारतीय माणसालासुद्धा परवान्याशिवाय आत जाता येत नाही, मग जमीन घेणे दूरच. आपल्याला न विचारता दिल्लीने हजारो माणसे आपल्या डोक्यावर आणून बसविली, ही त्यांची तक्रार आहे. त्रिपुरात मूळ आदिवासी अल्पसंख्य झाले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ही भीती खोटी नाही. पण तिचा राग ज्याच्यावर निघाला तो दुर्बळ होता.

१९९४ साली अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी संघटनेने चकमांना 'चालते व्हा' अशा नोटिसा बजावल्या. २० सप्टेंबर १९९५ रोजी नाहरलागुन येथे सभा होऊन ३१ डिसेंबर १९९५ ही अखेरची तारीख ठरली. न गेल्यास बळाने काढू, असा इशारा होता. वस्त्यांकडे जाणारा शिधा आणि औषधे अडविल्याच्या तक्रारी आल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याने राज्य सरकारला वारंवार विचारणा केली. सर्व आलबेल असल्याची उत्तरे आली. तेव्हा आयोग स्वतः अर्जदार होऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. २ नोव्हेंबर १९९५ रोजी अंतरिम मनाई मिळाली आणि ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांनी निकाल दिला.

निकालाचा गाभा असा. आपली घटना काही हक्क प्रत्येक माणसाला देते आणि काही फक्त नागरिकांना. कलम १४ व २१ ही पहिल्या प्रकारची आहेत. म्हणून चकमा नागरिक असोत वा नसोत, त्यांच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्य सरकारचे कर्तव्य आहे. कोणा संघटनेने त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला, तर तो परतवून लावला पाहिजे, लागल्यास निमलष्करी दल मागवून. कायद्याने ठरविलेल्या मार्गाखेरीज त्यांना घरांतून काढता येणार नाही. नोटिसा व धमक्या देणाऱ्यांवर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी. आणि नागरिकत्वासाठी केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत 'हा नागरिक नाही' या कारणावरून कोणालाही हलवू नये.

येथे वाचकांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. न्यायालयाने चकमांना भारतात राहण्याचा मूलभूत हक्क आहे असे म्हटले नाही. तसे म्हणता येत नव्हते, कारण वस्तीचा हक्क कलम १९ मध्ये आहे आणि तेथे 'नागरिक' हा शब्द आहे. १९५५ सालीच एका जर्मन गृहस्थाच्या खटल्यात परदेशी माणसाला देशाबाहेर घालविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. १९९१ साली १९३७ पासून येथे राहत असलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्यालाही हेच उत्तर मिळाले. परदेशी माणसाचा हक्क कलम २१ पुरता, जीवित व स्वातंत्र्यापुरता. येथे स्थायिक होण्याचा नाही. खुद्द चकमांच्या एका गटाला १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने आसाम करारानंतरच्या विशेष तरतुदीखाली नागरिकत्व नाकारले होते, कारण ते आसामात राहिलेले नव्हते.

तेव्हा १९९६ च्या निकालाने काय दिले? सरकारला बाहेर काढता येते, पण कायद्याच्या वाटेने. जमावाला काढता येत नाही. आणि सरकारनेही जमावाला पुढे करून स्वतः बाजूला उभे राहावयाचे नाही. रात्री दारावर येणारा जमाव आणि हातात लेखी आदेश देणारा अधिकारी यांत काय अंतर आहे, हे किळवेनमणी किंवा खैरलांजी ऐकलेल्या समाजाला कळते. तेथे तर मारले गेलेले लोक पूर्ण नागरिक होते.

या निकालाचा जो भाग वृत्तपत्रांत फारसा आला नाही तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आम्ही पेशाने बँकेतील कारकून असल्यामुळेही असेल. चकमांनी नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीसाठी अर्ज केले होते. अर्ज द्यावयाचा जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरकडे, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याकडे. त्याने चौकशी करून तो पुढे पाठवावयाचा. निर्णय घेणार केंद्र सरकार. प्रत्यक्षात अर्ज पुढे गेलेच नाहीत. जिल्ह्याच्या कचेरीत ते एक तर पडून राहिले किंवा प्रतिकूल शेरा मारून तेथेच संपले. दिल्लीने 'नाही' म्हटले असते तर त्या 'नाही'विरुद्ध दाद मागता आली असती. पण दिल्लीपुढे कागदच नव्हता. न्यायालयाने सांगितले की डेप्युटी कमिशनरचे काम टपाल पुढे नेण्याचे आहे. अर्ज अडवून ठेवणे म्हणजे कायद्याने दिलेले कर्तव्य टाळणे होय. प्रत्येक अर्ज नोंदवहीत चढवावा आणि चौकशी करून पुढे पाठवावा.

कचेरीत काम केलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. हक्क नाकारण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे 'नाही' न म्हणणे. अर्ज घ्यावा, पोच द्यावी किंवा न द्यावी, आणि फाईल खालच्या खणात ठेवावी. १९५६ नंतर आपल्या समाजाने याचा अनुभव घेतलाच आहे. धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडले. आणि त्यानंतरही जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आणा, म्हणून किती मुलांचे एकेक वर्ष वाया गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९९६ च्या निकालानंतर काय झाले? जमावाची तारीख टळली, माणसे घरांत राहिली. नागरिकत्व मात्र मिळाले नाही. मतदार यादीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २००० साली पात्र चकमांची नोंद करण्याचा आदेश झाला आणि २००४ साली सुमारे १,५०० जणांना प्रथमच मतदान करता आले. अर्जांसाठी चकमांच्या समितीला २००७ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १७ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायालयाने तीन महिन्यांत अर्ज निकाली काढा असे सांगितले, आणि इनर लाइनचे कारण पुढे करून नोंदणी अडविता येणार नाही हेही स्पष्ट केले. तीन महिने डिसेंबर २०१५ मध्ये संपले आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी या लोकांना राज्याबाहेर हलविण्याची भाषा केली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बांगलादेशातून आलेल्या बौद्धांचा उल्लेख आहे म्हणून आपल्यापैकी काहींना वाटते की प्रश्न सुटला. पण त्याच कायद्याने इनर लाइनचा प्रदेश आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे आणि अरुणाचल त्यात येतो. ज्या बौद्धांची नोंदच दोन पिढ्या अडून होती त्यांच्या राज्यालाच तो कायदा लागू नाही.

आता कोणी म्हणेल, हा सारा ईशान्येचा प्रश्न; मुंबई, ठाणे, नागपूरच्या माणसाला याचे काय? याचे उत्तर पुराव्याच्या ओझ्यात आहे.

फौजदारी कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. परदेशी नागरिकांच्या कायद्यात उलट आहे. १९४६ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावरच होते. १ सप्टेंबर २०२५ पासून तो जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला, पण हे ओझे जेथल्या तेथे आहे. आसामपुरता १९८३ चा एक कायदा हे ओझे तक्रारदारावर टाकत होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रद्द केला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली तेव्हा १९,०६,६५७ अर्जदार तिच्याबाहेर राहिले. आजोबांचे नाव एका यादीत एक, दुसरीत दुसरे. लग्नानंतर बाईचे गाव बदललेले. वयात चार वर्षांचा फरक. अशा गोष्टींवर माणसे परदेशी ठरली. जुलै २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हाती काहीही आधार नसताना कोणाच्याही दारावर जाऊन 'आम्हांला तुझा संशय आहे' असे सरकारला म्हणता येणार नाही. संशयाचा आधार आधी त्या माणसाला दिला पाहिजे, आणि नावातील किरकोळ फरकांवरून नागरिकत्व हिरावता येत नाही. त्या गृहस्थाला न्यायालयाने भारतीय ठरविले. निकाल लागला तेव्हा तो हयात नव्हता.

आमच्या बँकेच्या खिडकीवर रोज माणसे आधार कार्ड पुढे करतात आणि त्यांची समजूत असते की हाच आपल्या भारतीयत्वाचा दाखला. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तो रहिवासाशी निगडित आहे, राष्ट्रीयत्वाशी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्यातील एका जामीन अर्जावर आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने माणूस नागरिक ठरत नाही असे म्हटले. मग ठरतो कशाने? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत जो भारतात जन्मला तो, परकीय वकिलातीतील मुले वगैरे थोडे अपवाद सोडल्यास, जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वीपर्यंत जन्मलेल्याच्या आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक हवा. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला आपला जन्मदाखला पुरेसा नाही, आई-वडिलांचाही हवा. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, दगडखाणीवर जन्मलेल्या आपल्या आया-बहिणींचा जन्म कोणत्या ग्रामपंचायतीने नोंदविला असेल?

२०२५ च्या जून महिन्यात मुंबई परिसरातून पकडलेले काही बंगाली भाषिक मजूर सीमेपलीकडे लोटले गेले. ते पश्चिम बंगालचे रहिवासी असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. दिल्लीतून पकडलेल्या काही कुटुंबांविषयी सप्टेंबर २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. ठरलेली चौकशी पुरी न करता घाईने लोटणे कायद्याला धरून नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा नियम कशासाठी आहे ते येथे दिसते. 'हा परदेशी आहे, याला कसले हक्क' असे म्हणून चौकशीची पायरीच गाळली, तर हा परदेशी आहे की नाही हे कळावयाचे कसे? कागद नसलेल्या परक्याला दिलेला सुनावणीचा हक्क हाच कागद नसलेल्या भारतीयाचा एकमेव आधार असतो. गरिबाच्या झोपडीवर छापा पडतो तेव्हा दोघे सारखेच दिसतात, सारखीच भाषा बोलतात, सारखेच घाबरतात.

न्यायालये नेहमी याच बाजूने उभी राहतात असे मात्र नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्या निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम १४ व २१ प्रत्येक व्यक्तीला आहेत हे पुन्हा मान्य केले, पण परत न पाठविले जाण्याचा हक्क कलम १९ शी निगडित आहे असे सांगून परत पाठविण्यास स्थगिती दिली नाही; फक्त ठरलेल्या कार्यपद्धतीनेच पाठवावे असे म्हटले. म्यानमारमध्ये बौद्ध बहुसंख्य आहेत आणि तेथे रोहिंग्यांचे काय झाले हे आपण जाणतो. चकमांसाठी जे आपण मागतो ते रोहिंग्यांसाठी मागावयाचे की नाही, हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात निघाला तेव्हा बराच वाद झाला. आमचे मत असे की घटनेतील 'व्यक्ती' हा शब्द धर्म विचारत नाही, तेव्हा तो वाचणाऱ्यानेही विचारू नये.

१९६४ साली आई-वडिलांचे बोट धरून लुशाई डोंगर ओलांडलेले दहा वर्षांचे चकमा मूल आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याचे १ जुलै १९८७ पूर्वी अरुणाचलात जन्मलेले मूल, कलम ३ प्रमाणे, जन्मतःच भारताचे नागरिक आहे. त्याला कोणाकडे अर्ज करण्याची गरजच नाही. म्हणजे एका घरात बाप परदेशी आणि मुलगा नागरिक अशी स्थिती आहे, आणि बापाचा अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत आहे. १९९६ चा निकाल आटोपशीर आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा सोप्या इंग्रजीत आहे. त्याची व २०१५ च्या निकालाची प्रत संस्थेच्या वाचनालयात ठेवण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर वाचनालय प्रमुखांकडून नोंद करून घरी न्यावी.